एनएडी प्लसची ड्रिप आणि तळपायांच्या मुंग्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणाऱ्या, ५३ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी आणि गेली सात वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या एका बाईंना वर्षभरापासून थकवा जाणवतो, दुपारनंतर डोके चालेनासे होते, चेहरा निस्तेज वाटतो आणि रात्री तळपायांना मुंग्या येतात. चेहऱ्यावरच्या डागांसाठी त्या एका सौंदर्योपचार क्लिनिकमध्ये गेल्या, तेव्हा तेथे त्यांना एनएडी प्लस नावाच्या कोएन्झाइमच्या आठ ड्रिप आणि त्यानंतर घरच्या घरी पोटाच्या त्वचेखाली टोचून घ्यायची इंजेक्शने सुचवण्यात आली. पेशी आतून तरुण होतील, थकवा जाईल आणि चेहऱ्यावर तेज येईल, असे त्यांना सांगण्यात आले. एकूण खर्च १ लाख ४० हजार रुपये असून त्यांपैकी २० हजार त्यांनी आगाऊ भरले आहेत. उपचार घ्यावा की नाही, असे त्या विचारतात.

उत्तर आधी सांगते, कारणे मागाहून. ही ड्रिप घेऊ नका. आणि याच आठवड्यात, कोणतेही इंजेक्शन किंवा जीवनसत्त्वांची गोळी घेण्याआधी, रक्तातील बी-१२ चे प्रमाण तपासून घ्या. हे दोन सल्ले वरवर वेगळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे: शरीरात नेमके काय कमी पडले आहे हे पाहिल्याशिवाय ते भरून काढणारे इंजेक्शन द्यायचे तरी कशाच्या आधारावर? मी २६ वर्षे त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. माझ्या दवाखान्यात लेझर आहे, बोटॉक्सही दिले जाते, त्यामुळे सौंदर्योपचारांकडे नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. ही ड्रिप ठेवण्याचा आग्रह औषधविक्रेत्यांनी माझ्याकडेही धरला होता. तेव्हा मी जे वाचले, पडताळले आणि ज्यामुळे नकार दिला, तेच येथे मांडते.

एनएडी हा काही नवा शोध नाही. १९०६ साली लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग हे यीस्टचा पिळून काढलेला रस साखर कशी आंबवतो याचा अभ्यास करत होते. हा रस गाळून त्याचे दोन भाग केले, तर एकट्या कोणत्याही भागाने साखर आंबत नसे. दोन्ही पुन्हा एकत्र केले की काम सुरू होई. त्यांतला एक भाग उकळला तरी त्याचा गुण टिकून राही. उष्णता सोसणाऱ्या या लहान रेणूंच्या भागातून पुढे जो पदार्थ ओळखला गेला, तोच हा एनएडी. त्याची घडण उलगडण्यात हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांचा मोठा वाटा होता आणि १९२९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व हार्डन यांना विभागून मिळाले.

विकर म्हणजे एन्झाइम हा गवंडी मानला, तर सहविकर म्हणजे कोएन्झाइम ही त्याच्या हाताखालची पाटी होय. आपण खाल्लेल्या भाकरीतून आणि तेलातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी उचलते, ते पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांपर्यंत नेऊन रिकामे करते आणि पुन्हा भरायला परत येते. या कामात ते खर्च होत नाही, दिवसभर फिरत राहते. म्हणून क्लिनिकच्या पत्रकात त्याला ‘पेशींचे इंधन’ म्हटलेले असते, तेव्हा पाटीलाच विटा म्हटल्यासारखे होते. मात्र एनएडी खरोखर खर्च करणारी विकरेही शरीरात आहेत. डीएनएची डागडुजी करणारी पार्प ही विकरे त्यांपैकी एक, आणि ज्यांच्यामुळे वार्धक्याच्या संशोधनात एनएडीचा एवढा बोलबाला झाला ती सर्ट्युइन ही दुसरी. यांच्या कामात एनएडीचा रेणू तुटतो आणि त्याच्या तुकड्यांतला निकोटिनामाइड (बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) पुन्हा वापरून पेशी नवे एनएडी घडवते. हे घडवण्याचे काम पेशीच्या आत, अखंड चालू असते.

वयाबरोबर एनएडी घटते हा दावा निराधार नाही. उंदरांच्या अनेक अवयवांत अशी घट दिसली आहे. माणसांच्या काही ऊतींतही ती आढळली आहे, पण सर्व अवयवांत आणि सर्व अभ्यासांत ती सारखी नाही. उंदरांवरच्या कामातून या घटीचे जे एक कारण पुढे आले, ते विचार करण्याजोगे आहे. वय वाढते तसा शरीरात सौम्य दाह वाढतो, त्याबरोबर सीडी-३८ नावाचे विकर वाढते आणि हे विकर एनएडी फोडून टाकते. म्हणजे माठ रिकामा होतो आहे तो बुडाला पडलेल्या चिरेमुळे. वरून तांब्या ओतत राहिल्याने त्या चिरेचे काही होत नाही.

आता खरा मुद्दा. शिरेतून सोडलेले एनएडी पेशीत पोहोचते का? या रेणूचे वजन सुमारे ६६३ डाल्टन आहे आणि त्यातल्या फॉस्फेटांमुळे त्याच्यावर विद्युतभार असतो. पेशीचे आवरण मेदाचे असल्याने असा रेणू त्यातून सहज आरपार जात नाही. शरीराच्या दृष्टीने एनएडी हा पेशीच्या आतला ऐवज आहे, रक्तद्रवात तो अत्यल्प असतो. बाहेर आलेल्या एनएडीचे तुकडे करणारी विकरे पेशींच्या पृष्ठभागावर तयारच असतात, आणि त्यांतलेही एक म्हणजे मघाचेच सीडी-३८. ही विकरे त्याचे बहुतांशी निकोटिनामाइडसारखे छोटे तुकडे करून ठेवतात, हे तुकडे पेशी आत घेते आणि त्यांपासून पुन्हा आपले एनएडी बनवते. थोडक्यात, महागडा अखंड रेणू शिरेत सोडायचा, शरीराने तो दारातच मोडायचा आणि मग त्यातून जे आत जाते ते बहुतांशी तेच, जे औषधाच्या दुकानात साध्या गोळीच्या रूपात मिळते.

ड्रिपने रक्तात काय होते हे पाहणारा एक छोटा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११ पुरुष होते. आठ जणांना ७५० मिलिग्रॅम एनएडी सहा तासांत शिरेवाटे देण्यात आले आणि तिघांना नुसते सलाइन. पहिल्या दोन तासांत रक्तद्रवातील एनएडीत वाढच दिसली नाही. ती नंतर दिसली, आणि एनएडीचे तुकडे व त्यांचे अवशेष रक्तात आणि लघवीत सापडले. हा अभ्यास औषध शरीरात कुठे जाते हे पाहण्यासाठी होता. थकवा, स्मरणशक्ती किंवा सुरकुत्या यांतले काहीही त्यात मोजलेले नव्हते. तरीही ‘ड्रिपचा परिणाम शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असे म्हणताना हाच अभ्यास पुढे केला जातो. शिवाय त्यातली सहा तासांची संथ गती आणि क्लिनिकमध्ये जेवणाच्या सुट्टीत उरकलेली दीड तासाची ड्रिप यांची तुलना कशी करणार? ड्रिपचा उगमही वार्धक्याच्या संशोधनात नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या सिएटलमधील एका डॉक्टरांनी दारू व अमली पदार्थांच्या व्यसनासाठी शिरेतून एनएडी दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तिथून ती व्यसनमुक्ती केंद्रांत गेली आणि पुढे सौंदर्य क्लिनिकांत आली.

माणसांवरचे जे बरे अभ्यास आहेत ते बहुतेक तोंडाने घ्यायच्या पूर्वरूपांचे, म्हणजे ज्यांपासून शरीर एनएडी बनवते अशा पदार्थांचे आहेत: निकोटिनामाइड रायबोसाइड आणि एनएमएन (निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड) यांचे. २०१८ सालच्या एका अभ्यासात मध्यमवयीन व वृद्ध निरोगी लोकांनी सहा आठवडे रोज १००० मिलिग्रॅम रायबोसाइड घेतल्यावर रक्तपेशींतील एनएडी सुमारे ६० टक्के वाढले. म्हणजे एनएडी वाढवायचेच असेल, तर त्यासाठी सुई लागत नाही. पण वाढले म्हणून काय झाले? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात ४० स्थूल पुरुषांपैकी निम्म्यांना १२ आठवडे रोज दोन ग्रॅम रायबोसाइड देऊनही त्यांच्या इन्शुलिन-संवेदनशीलतेत सुधारणा झाली नाही. २०१९ सालच्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या १२ पुरुषांच्या स्नायूंपर्यंत त्याचा परिणाम पोहोचल्याची रासायनिक चिन्हे मिळाली, दाहाचे काही निर्देशकही उतरले, पण मायटोकॉन्ड्रियांच्या कामात फरक दिसला नाही. उलट बाजूने, २०२१ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, १० आठवडे रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन घेणाऱ्या गटात स्नायूंची इन्शुलिन-संवेदनशीलता वाढली. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण त्या स्त्रियांचे वजन, रक्तदाब किंवा रक्तातील साखर त्याने बदलली नव्हती, आणि ते औषध तोंडाने घ्यायचे होते. यांतल्या कोणत्याही अभ्यासाने कोणाचे वय कमी केले नाही.

येथे मला माझ्याच शाखेतला एक जुना आजार आठवतो, कारण या प्रश्नावर त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. एनएडी खरोखर तुटपुंजे पडते तेव्हा काय होते हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या आजाराला पेलाग्रा म्हणतात. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट, जाडसर, सोलवटणारे चट्टे येतात, गळ्याभोवती त्यांची माळ उमटते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धीला भ्रम होतो. १९३७ साली कॉनराड एल्वेहेम यांनी निकोटिनिक आम्ल (बी-३ चेच दुसरे रूप, ज्यापासून शरीर एनएडी बनवते) देऊन कुत्र्यांमधला तत्सम रोग बरा केला, आणि थोड्याच काळात तेच औषध माणसांना लागू पडले. आपल्याकडे पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी हैदराबादेत बसून दख्खनच्या पठारावरच्या, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांतल्या पेलाग्राचा अभ्यास केला आणि ज्वारीतले ल्युसिन हे अमिनो आम्ल याला कारण असावे असा सिद्धांत १९६० साली मांडला. तो सिद्धांत पुढे वादग्रस्त ठरला. (ज्वारीची भाकरी सोडू नका, सोबत डाळ, दूध आणि शेंगदाण्याची चटणी असली की प्रश्न मिटतो. शेंगदाण्यात निकोटिनिक आम्ल भरपूर असते.) आजही मला वर्षातून एखाददुसरा पेलाग्रा दिसतो, बहुधा खूप दारू पिणाऱ्या माणसात किंवा क्षयासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्या, जेमतेम खाणाऱ्या रुग्णात. अशा रुग्णाला आम्ही काय देतो? निकोटिनामाइडच्या गोळ्या, दिवसाला सुमारे ३०० मिलिग्रॅम, तीन-चार आठवडे, सोबत इतर बी-जीवनसत्त्वे आणि पोटभर जेवण. जुलाब आणि मनाचा गोंधळ काही दिवसांत ओसरतो, त्वचा त्यामागून सुधारते. ज्या रोगात एनएडीचा खराखुरा दुष्काळ असतो, तेथेही कोणी एनएडी शिरेत टोचत नाही. मग चांगले जेवणाऱ्या, चालत्या-फिरत्या माणसाला ते टोचण्याचे प्रयोजन काय, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

‘पण माझ्या मैत्रिणीला खूप बरे वाटले,’ असे तुम्ही लिहिले आहे. वाटले असेल, आणि त्या खोटे बोलत नाहीत. दोन-तीन तास आरामखुर्चीत, फोन बाजूला ठेवून, मंद दिव्यात पडून राहिले आणि शरीरात अर्धा लिटर सलाइन गेले, तर पन्नाशीच्या कोणत्याही नोकरदार बाईला बरे वाटेल. याशिवाय एक गोष्ट क्लिनिकमध्ये सहसा सांगितली जात नाही: या ड्रिपमध्ये बऱ्याचदा बी-कॉम्प्लेक्स आणि मिथाइलकोबालमिन (बी-१२ चे एक रूप) मिसळलेले असते. ज्याला बी-१२ कमी आहे त्याला त्यातून खरोखर फरक पडतो, आणि श्रेय मात्र एनएडीला मिळते.

ही इंजेक्शने निरुपद्रवी आहेत असेही नाही. एनएडी थोडे वेगाने गेले की छाती आवळल्यासारखी होते, मळमळते, पोटात कळा येतात, चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते. गती कमी केली किंवा ड्रिप थांबवली की हे बहुधा ओसरते. क्लिनिकमधले लोक त्याला ‘पेशी जाग्या होत आहेत’ किंवा ‘विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत’ असे म्हणून धीर देतात. माझ्याकडे पित्ताच्या गांधी घेऊन आलेल्या एका गृहस्थांना अशाच ड्रिपच्या वेळी छातीत दाब आला होता आणि ‘सवय होईल’ असे सांगून ड्रिप पूर्ण करण्यात आली होती. ५३ वर्षांच्या मधुमेही स्त्रीच्या छातीत दाब आला, तर तो औषधाचा की हृदयाचा हे केवळ बघून सांगता येत नाही, आणि मधुमेहात हृदयविकाराची वेदना अनेकदा सौम्य किंवा वेगळ्याच जागी असते. तेथे ईसीजी यंत्र आहे का, आणि तो वाचणारा डॉक्टर त्या वेळी हजर आहे का, एवढे जरी विचारलेत तरी बरेच कळेल. त्वचेखाली टोचल्यास त्या जागी आग होते, लाली येते, गाठ राहते; हा त्रास तुलनेने किरकोळ. ज्यांना सध्या कर्करोग आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये. अनेक प्रकारच्या गाठी स्वतःच्या वाढीसाठी एनएडी बनवणारे विकर वाढवून घेतात, आणि ते विकर रोखणारी औषधे कर्करोगावर तपासली गेली आहेत. यातून काय घ्यायचे ते स्पष्ट आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना अशी इंजेक्शने देणे मला तर गुन्ह्याइतकेच वाटते.

औषधापेक्षा मला अधिक भीती कुपीची आणि सुईची वाटते. २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्लुटाथायोनबद्दल (गोरेपणासाठी ड्रिपमधून दिला जाणारा पदार्थ) इशारा दिला: खाण्याच्या पूरकासाठी असलेली भुकटी निर्जंतुक इंजेक्शन बनवण्यासाठी वापरली गेली, तिच्यात एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचे विष निघाले आणि रुग्णांना थंडी, उलट्या, श्वास लागणे असे त्रास झाले. २०२१ साली त्याच प्रशासनाने क्लिनिकांत आणि ड्रिप देणाऱ्या ठिकाणी अस्वच्छ वातावरणात औषधे मिसळण्याबद्दल पुन्हा सावध केले. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क शहरातल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर स्वतःच्याच रक्तातील प्लाझ्मा सुयांनी टोचून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे प्रकरण २०२४ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने सविस्तर प्रसिद्ध केले. तीनही उदाहरणांत दोष सौंदर्योपचाराच्या कल्पनेपेक्षा हाताळणीत होता, आणि अशी हाताळणी पुण्या-मुंबईत होऊ शकत नाही असे मानायला काही आधार नाही. एनएडीचे द्रावण उष्णतेने आणि काळाने खराब होते. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या डिकीतून आलेल्या कुपीत नेमके किती एनएडी शिल्लक राहिले असेल? बाहेरून येणाऱ्या काही कुप्यांवर तर ‘केवळ संशोधनासाठी’ असे बारीक अक्षरात छापलेले असते. ती कुपी माणसाच्या शिरेसाठी बनवलेलीच नसते. घरी टोचायची पेने याच कारणासाठी मला अधिक धोक्याची वाटतात: एकच कुपी आठवडेच्या आठवडे उघडी राहणार, ती कधी टाकायची हे कोणी सांगणार नाही, आणि त्रास झाला तर रात्री अकरा वाजता क्लिनिकचा फोन कोणी उचलणार नाही.

कायद्याच्या अंगाने एवढेच. आपल्या औषध नियमांत, १९४५ सालच्या, ‘जे’ नावाची एक अनुसूची आहे. तीत दिलेले रोग व अवस्था आपल्या औषधाने टळतात किंवा बऱ्या होतात असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत कर्करोग, मधुमेह यांच्याबरोबर ‘अकाली वार्धक्य’ आहे आणि ‘पुन्हा तारुण्य देण्याची शक्ती’ही आहे. पत्रकावरची वाक्ये एकदा या यादीशेजारी ठेवून वाचावीत.

आता तुमच्या तळपायांकडे येते. प्रश्न वाचताना माझे लक्ष थकव्यापेक्षा त्या एका ओळीवर थांबले. शाकाहार, सात वर्षे मेटफॉर्मिन आणि रात्रीच्या मुंग्या या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कोणाही डॉक्टरच्या मनात पहिले नाव बी-१२ चे यायला हवे. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी-१२ शोषले जाणे कमी होते, आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर त्यात भर पडते. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेवर दीर्घकाळ काम केले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. ज्या शहरात तुम्ही राहता आणि ज्या स्वयंपाकघरात जेवता, तेथलीच ही आकडेवारी आहे.

गंमत अशी की मिथाइलकोबालमिन हेही एक कोएन्झाइमच आहे. शरीरात बी-१२ ज्या दोन रूपांत काम करते त्यांपैकी हे एक. त्याच्यावाचून मज्जातंतूंवरचे आवरण नीट टिकत नाही आणि रक्तपेशी नीट बनत नाहीत. म्हणजे कोएन्झाइमचे इंजेक्शन घेण्याची कल्पना मुळातच हास्यास्पद आहे असे मी म्हणत नाही. दारूच्या आहारी गेलेल्या, उपाशी रुग्णाला ग्लुकोज देण्याआधी शिरेतून थायमिन देतात, तेही पेशीत जाऊन कोएन्झाइमच होते आणि त्याने मेंदू वाचतो. या दोन्ही ठिकाणी कमतरता ओळखता येते, तोंडाने दिलेले नीट शोषले न जाण्याचे कारण माहीत असते आणि सुई का हवी हे सांगता येते. बी-१२ ची कुपी शंभर रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीला मिळते. तिची जाहिरात कोणी करत नाही, हे त्यामुळे समजण्यासारखे आहे.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. ड्रिप किंवा बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन घेतल्यावर बी-१२ तपासले, तर आकडा भरपूर येतो आणि खरी कमतरता झाकली जाते; मी असे अहवाल अनेकदा पाहिले आहेत, आणि मग महिने वाया जातात. म्हणून आधी नमुना द्या. बी-१२ बरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. बी-१२ सीमारेषेवर आले, तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लाची चाचणी उपयोगी पडते. नुसते फॉलिक आम्ल घेऊ नका, त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. कमतरता निघाली आणि सोबत मुंग्या असल्या, तर बहुतेक डॉक्टर सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला आणि पुढे महिन्याला इंजेक्शन देतात, नंतर रोजची गोळीही चालते. मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. मुंग्या मधुमेहामुळेही असू शकतात, किंवा दोन्हींमुळे. ते तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी पाय तपासून ठरवावे. रात्री घोरणे, झोपेतून दचकून उठणे किंवा रजोनिवृत्तीचा त्रास असेल तर तोही त्यांना सांगा, कारण दुपारच्या थकव्याचे उत्तर पुष्कळदा तेथे सापडते.

राहिला चेहरा, ज्यासाठी तुम्ही मुळात गेला होता. येथे ड्रिपपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा असलेल्या साध्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वय वाढणे मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसले. रात्री लावायचे ट्रेटिनॉइन हे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातले क्रीम चाळीस वर्षे तपासले गेले आहे. आणि एनएडीच्याच कुळातले निकोटिनामाइड चार-पाच टक्क्यांच्या क्रीममधून लावले, तर काळे डाग थोडे फिके होतात. निकोटिनामाइडच्या गोळ्यांचाही एक चांगला अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. २०१५ सालच्या त्या चाचणीत ज्यांना आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेले होते अशा ३८६ जणांत नवे कर्करोग २३ टक्के कमी झाले. आपल्या सावळ्या त्वचेत ते कर्करोग मुळात विरळ असल्याने तुम्हाला त्या गोळ्यांची गरज नाही. तुमचे डाग वांगाचे आहेत की दुसरे काही, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. चालण्याची आणि वजने उचलण्याची सवय लावली, तर स्नायूंमधले एनएडी बनवणारे विकर आपोआप वाढते, हेही माणसांवर दिसले आहे. त्यासाठी आठ बैठका लागत नाहीत, मात्र आठवड्याचे चार-पाच दिवस लागतात.

तरीही ड्रिप घ्यायचीच असे तुम्ही ठरवलेत, तर कुपी आपल्या हातात घेऊन तिच्यावरचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत वाचा व त्याचे छायाचित्र ठेवा. द्रावण तुमच्यासमोर बनवले जावे, डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पावतीवर असावा आणि पूर्ण वेळ ते तेथे असावेत. यांतल्या एकाही गोष्टीला टाळाटाळ झाली तर उठून या. घरी टोचण्याची पेने कोणत्याही परिस्थितीत नाकारा. आगाऊ भरलेले २० हजार परत मिळावेत म्हणून क्लिनिकला लेखी कळवा; उपचार सुरू झालेला नसताना पैसे अडवले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

अहवाल आले की ते घेऊन आधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यानंतर चेहऱ्यासाठी कोणाही त्वचारोगतज्ज्ञाकडे. दरम्यानच्या काळात अंधारात चालताना तोल जाऊ लागला, पायांखाली गादी असल्यासारखे वाटू लागले किंवा चप्पल पायातून निसटल्याचे कळेनासे झाले, तर अहवालांची वाट न पाहता त्याच आठवड्यात मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवा.